खोताचा रंग आणि धाकू मेस्त्रीचा पाळणा

त्या दिवशी वैशाखाचं ऊन असं तापलं होतं की खाडीवरचे बगळेसुद्धा माडांच्या सावलीला येऊन बसले होते. वारा नाही, पान हलत नाही. फार मागची ही गोष्ट. आपल्या भेरलेवाडीत तेव्हा धाकू मेस्त्री राहायचा. जुन्या लाकडाला तकाकी आणावी ती त्यानंच. त्याचा हात फिरला की आजाच्या वेळची काळवंडलेली फळीही तरणी दिसायची, असं म्हणतात.

वाडीत फणसाचा एक पाळणा होता. तो कुणा एकाचा नव्हता, सगळ्यांचा होता. ज्या घरी बाळ व्हायचं तिकडे तो जायचा, आणि जाण्याआधी धाकूच्या पडवीत यायचा. धाकू खरवताच्या खरखरीत पाल्यानं तो घासायचा, मग अळशीचं तेल जिरवायचा. कडेवर पोरांच्या दातांच्या खुणा होत्या. तेवढ्या मात्र तो कधी घासून काढत नसे.

पुढे तो पाळणा खोताकडे नातवासाठी गेला. नातू रांगला, चालला, अंगणभर धावू लागला, तरी पाळणा परत नाही!

धाकूची शेजारीण भागी गाबतीण, मासे विकायची. तिच्या सुनेला सकाळीच कळा सुरू झाल्या, म्हणून भागी पाळणा मागायला गेली. खोत झोपाळ्यावरून म्हणाला, "तुझं नातवंड माशाच्या टोपलीत निजव. वासाची सवय होईल."

भागीनं हे येऊन सांगितलं. आणि ज्या धाकूनं जन्मात कुणाला अरे म्हटलं नव्हतं, तो पाल्याची मोळी काखेत मारून तडक खोताच्या अंगणात गेला. बघतो तर काय! पाळण्याला जाडजूड हिरवा रंग फासलेला. दातांच्या खुणा रंगाऱ्याच्या लांबीचा लगदा भरून बुजवलेल्या. वर खोताचं नाव! अरे, वाडीच्या लेकरांची जागा ती, तिच्यावर नाव घालायला हात तरी कसा धजला?

"खोतानू, ह्यो पाळणो वाडीचो."

"रंग माझा, नाव माझं, पाळणाही माझा."

"मगे तुमचो रंग तुमका ठेवा," म्हणत धाकू खाली बसला आणि घासू लागला.

खोतानं गडी बोलावले. गडी धावले, पण धाकूच्या मनगटाला हात लावताच चटका बसला, असं म्हणतात. तेवढ्यात रंगाखालून एक खूण उघडी पडली. एक गडी ओरडला, "आवशीन दाखवलेलो माजो दात ह्योच!" लहानपणी आई त्याला ती खूण दाखवायची. मग त्यानंही पाला उचलला. बाकीचेही बसले. काम पुरं होईपर्यंत सूर्य माडाच्या शेंड्याला टेकून थांबला, असं म्हणतात. तेल नाही, लाख नाही, तरी लाकूड असं झळकलं की खोताला त्यात स्वतःचं तोंड दिसलं. ते बघवेना, तसा तो आत पळाला.

आजही भेरलेवाडीत बारशाआधी पाळणा अंगणात आणतात. घरटी एक माणूस येऊन धाकूच्या नावानं त्यावर पाला फिरवतो. पाळण्यावर नाव कुणी घालत नाही.

त्या दिवशी मात्र धाकूच्या बोटांची सालं निघाली होती, आणि तो ती बघत तसाच बसून होता. तेवढ्यात भागी धापा टाकत आली नि त्याच्यावरच खेकसली, "बोटां मागसून बांधूया, मेस्त्रीनू! आधी पाळणो उचला. पोर थंय भुईवर निजलला हा."