सुभेदारांची दाढी आणि दातेरी पातं

गलबताचा ओला दोर कापताना एका खलाशाचा साध्या धारेचा चाकू घसरला. दुसऱ्याच्या दातेरी चाकूनं तोच दोर एका ओढीत तुटला. ते पाहून सुभेदार त्रिंबकराव गरजले, "आजपासून बंदरात फक्त दातेरी पाती! साधी सगळी खाडीत फेका. लपवेल त्याचा हात तोडीन!"

शिडं कापणारा धाकोजी हात जोडून म्हणाला, "सरकार, दात्यांनी शीड फाटतं. कापडाला साधीच धार लागते."

"गप! मला शिकवतोस?"

दुसऱ्या दिवशी भिवा न्हाव्यानं सुभेदारांची दाढी भिजवली, धोकटीतून दातेरी चाकू काढला आणि थेट गालावर टेकवला.

सुभेदारांचे डोळे पांढरे झाले. "अरे, हे काय?"

"माझा वस्तरा साध्या धारेचा, सरकार. हुकमाप्रमाणे कालच खाडीत गेला. धाकोजी म्हणतो, दोराला दाते, शिडाला धार. आपला गाल दोर की शीड, एवढं सांगा. म्हणजे ओढतो."

सुभेदार ताडकन उठले. "थांब! हुकूम रद्द! साधी पाती परत काढा!"

त्या ओहोटीला सगळं बंदर चिखलात पाती शोधत होतं, आणि काठावर ओली दाढी धरून सुभेदार ओरडत होते, "आधी वस्तरा शोधा रे!"