जीपचा जुना काटा

घाट चढताना जीपगाड्या अर्ध्या वाटेत पाणी प्यायला थांबत, त्या काळची गोष्ट. अशाच एका जीपचं इंजिन कायमचं बसलं आणि तिला नवं इंजिन मिळालं. समोरच्या फळीवरचा, इंजिनाची गरमी दाखवणारा काटा मात्र जुनाच राहिला.

पहिल्याच वळणावर काटा थेट लाल पट्ट्यात गेला. ड्रायव्हर धोंडूतात्यांनी घाईघाईने बॉनेट उघडलं, तर इंजिन जेमतेम कोमट! असं तीनदा झालं. शेवटी तात्यांनी वैतागून काट्यावर चिकटपट्टीच मारली.

“आजोबा, उगाच कशाला बोंबलता?” नवं इंजिन हसलं.

“मला जे कळतं, तेच मी सांगतो,” काटा पट्टीआडून म्हणाला. इतक्या वर्षांच्या चाकरीनंतर तोंड बांधलं गेलं, हे त्याला फार लागलं होतं.

घाटमाथ्यावरचे यासीन मिस्त्री मात्र पट्टी पाहून तात्यांवरच उखडले. “काट्याला कशाला शिक्षा? त्याला गरमी कळवणारा नव्या इंजिनाचा सेन्सर त्याच्या मापाचा नाही. जुना कुठाय?”

जुना सेन्सर हत्यारांच्या पेटीत निघाला. मिस्त्रींनी काट्यावरची पट्टी काढली, सेन्सरला काट्याच्या वायरी जोडल्या आणि शेजारच्या टपरीवरून आणलेल्या उकळत्या पाण्यात तो बुडवला. ओळखीची हाक ऐकावी तसा काटा हळूहळू उठला आणि बरोबर उकळीच्या खुणेवर थांबला.

तोच सेन्सर नव्या इंजिनात बसला.

दुसऱ्या दिवशी घाटात तात्या गाणं गुणगुणत होते. वळणावर त्यांनी काट्याकडे एकदा सहज पाहिलं आणि गाणं पुढे चालू ठेवलं.

काट्याला तेवढं पुरे झालं.