ढब्बूचा एक नट

फार फार वर्षांपूर्वी म्हणावं, तर तेव्हा शाळेत रोबो कुठले? म्हणून आपण गेल्याच्या गेल्या साली म्हणू. एका शाळेच्या कपाटात ढब्बू नावाचा रोबो अवजारांसोबत राहायचा. ऐन स्पर्धेत त्याचं डावं चाक निखळलं आणि गडी हरला. पुढच्या स्पर्धेला वर्षभर अवकाश होता, पण ढब्बूला एकच धास्ती होती, आता पुन्हा हरलो तर थेट भंगारात!

मोकळा वेळ बघून पक्कडमावशीनं सभा भरवली. "बोला, वर्षभर करायचं काय?"

"ह्याला थालीपीठ उलटणारा हात लावू," पेचकस म्हणाला.

"त्यापेक्षा पाढे म्हणणारा भोंगा बसवा!" सोल्डरिंग गन तापलीच.

"अहो, माझं चाक..." ढब्बू म्हणाला.

"गप रे! मोठी माणसं बोलतायत ना?"

"मावशी, एक नट आवळायचाय हो. एक!"

"नट आवळलेला कुणाला दिसणारे?" मावशी खेकसली. "त्याला काय टाळ्या पडणार?"

ढब्बूनं कपाळावर हातच मारून घेतला असता, पण तो हात अजून बसायचा होता.

वर्षानं ढब्बू मैदानात उतरला. हात थालीपीठ उलटत होता, भोंगा पाढे म्हणत होता. शिट्टी वाजली, डावं चाक गळालं आणि ढब्बू जागच्या जागी गरगर फिरत राहिला.

त्याला भंगाराच्या पोत्यात घालताना मावशी हळहळली, "पण गिरकी काय झकास घेतली हो पोरानं! पुढच्या रोबोला आधी तीच शिकवू."