टेबल रिकामं आहे का?

“पण सर, एका कमांडमध्ये अकराच्या अकरा सर्व्हर बंद होतात, तर अकरा खोल्यांना अकरा फोन कशाला?”

श्रेणिक चौगुले तिसऱ्यांदा हेच विचारत होता. मी वझरकर सरांच्या समोरच्याच दारात कोथिंबीर निवडत बसले होते, त्यामुळे ऐकू आलं. मुद्दाम कान दिला नव्हता.

वझरकर सर इस्पितळाच्या कॉम्प्युटर खात्यातून निवृत्त झालेले. श्रेणिक त्यांच्याच हाताखाली तयार झाला. सीटी, एमआरआयचे फोटो साठवणारे सर्व्हर आता त्याच्याकडे. आज बारा वाजता विजेच्या कामासाठी ते बंद करायचे, तेही इथे सरांच्या घरी बसून, लॅपटॉपवरून. पण मोठ्या साहेबांनी बजावलेलं, वझरकरांनी हो म्हटलं तरच हात लाव.

कारण गेल्या रविवारी एक आजीबाई मशीनमध्ये असतानाच यानं सर्व्हर बंद केले. फोटो पोचलेच नाहीत. बिचारीला पुन्हा सुई, पुन्हा ते फोटोआधी टोचायचं औषध, पुन्हा टेबल.

“तेव्हा फोन का नाही केलास?” सरांनी विचारलं.

“स्क्रीनवरच्या यादीत शून्य होतं, सर.”

“यादीत फोटो येतात. तेही तपासणी संपल्यावर. मशीनच्या टेबलावर झोपलेलं माणूस येतं का?”

श्रेणिकनं लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

“आम्ही खोलीखोलीत फोन लावायचो. टेबल रिकामं आहे का? तिकडून हो आलं की मगच.”

“तो तुमचा काळ, सर. आता सगळं स्क्रीनवर दिसतं.”

सरांनी कपाळावर हात मारला. मला तर उठून त्याचा कान धरावासा वाटला. साडेअकरा वाजून गेले होते, आणि हा आपला स्क्रीन स्क्रीन!



मग सर म्हणाले, “खाली स्कूटरच्या डिकीत माझा चष्मा राहिलाय. आण जा.”

श्रेणिक लिफ्टमध्ये शिरला. लिफ्ट खाली निघाली.

“वहिनी, किल्ली.”

आमचे हे सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे लिफ्टच्या स्विचबोर्डाची किल्ली आमच्या खुंटीला असते. दिली. सरांनी जिन्यातली पेटी उघडली आणि खटका खाली ओढला.

“अहो सर!”

खालून दार बडवल्याचा आवाज आला. “ए, कोण आहे रे? मी आत आहे! चालू करा!”

सर कठड्याला टेकून उभे.

“सर, अडकलाय हो तो!”

“इथून मला कुणी दिसत नाही, वहिनी.”

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. खाली बडवाबडवी चालूच. मग ती थांबली...

सरांच्या घरात फोन वाजला. मीच धावत जाऊन आणला. श्रेणिकचाच होता. स्पीकर लावून दिला.

“सर... मी लिफ्टमध्ये... मध्येच... काळोख आहे सगळा. बंद करण्याआधी कुणी विचारायचं तरी!”

सरांनी खटका वर केला.

“म्हणजे फोन लावता येतो तुला.”