एका ओळीची तीन कारणं

"…मग कुठली तपासणी चालू करू, तेवढं तरी सांगा ना, गुरुजी!"

यशोधनने तिसऱ्यांदा विचारलं. रणभिसे गुरुजींनी मान वर केली नाही. समोरच्या पत्र्याच्या डब्याचे स्क्रू ते सावकाश काढत होते.

गुरुजींची तीस वर्षं आयटीआयमध्ये शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या खोलीत टेबल मांडलं. अडलेले विद्यार्थी अजून तिथे येत. यशोधन पिंगळे हा त्यांतला सर्वांत हुशार. असं गुरुजी कधी म्हणाले नव्हते. यशोधनच म्हणत असे.

डबा होता दूध थंड करणाऱ्या टाकीचा. त्यात काडेपेटीएवढा संगणक, आणि त्याचा सगळा कारभार पाहणारा आतला मूळ प्रोग्राम, ज्याला ही मंडळी कर्नल म्हणतात. कर्नल बांधताना चुका पकडणाऱ्या कितीतरी तपासण्या त्यात घालता येतात. प्रत्येकीची एक ओळ. चालू किंवा बंद. पण त्या जागा खातात, यंत्र मंदावतं. म्हणून माल बाहेर पाठवताना त्या बंद करण्याची रीत आहे.

यशोधनने तर जवळजवळ सगळ्याच बंद केल्या होत्या. त्याचा कर्नल दोन सेकंदांत उभा राहायचा. डबे बनवणाऱ्या त्याच्या कंपनीत टाळ्या पडल्या होत्या.

आणि गेल्या आठवड्यात एका गावच्या दूध केंद्रावर तो डबा मधेच थिजला. टाकीचं थंड होणं थांबलं. दोन हजार लिटर दूध नासलं. डब्यात नोंद म्हणाल तर एका अक्षराची नाही.

"केंद्रावर कोण होतं?" गुरुजींनी विचारलं.

"शालन गावडे म्हणून एक बाई आहेत. त्यांनीच चुकून बटण बंद केलं असेल, असं दूध संघाचं म्हणणं आहे. उद्या अकराला चौकशी. बहुतेक काढून टाकतील."

"आणि तुझं म्हणणं?"

"…यंत्रात दोष आढळला नाही, असं लिहून दिलंय मी."

गुरुजींचा स्क्रू-ड्रायव्हर थांबला.

"दोष नाही, तर माझ्याकडे काय शोधायला आलास?"

यशोधन हसल्यासारखं करायला गेला. जमलं नाही.

"वही आणलीस?"

ही गुरुजींच्या हाताखाली शिकलेल्यांची खूण. कुठलीही तपासणी बंद करायची, तर ती वहीत लिहायची, आणि समोर कारण. बंद करायला गुरुजींची ना नसे. कारण मात्र लागे.

यशोधनने पिशवीतून वही काढली. देताना ती त्याच्या बोटांतून लवकर सुटेना.

गुरुजींनी चष्मा चढवला. ओळींवरून बोट फिरू लागलं.

"'जागा वाचते.' बरोबर… 'वेग वाढतो.' बरोबर… 'या चिपवर चालत नाही.' हेही बरोबर…"

पान उलटलं. बोट एका ओळीवर थांबलं.

"कुलपांची तपासणी. बंद. 'जागा वाचते, वेग वाढतो, शिवाय गरज नाही.'"

यशोधन खिडकीबाहेर बघू लागला.

"बाकी सगळ्यांना एकेक कारण," गुरुजी म्हणाले. "हिलाच तीन का रे?"

"तुम्हीच शिकवलंत, गुरुजी. माल बाहेर जाताना तपासण्या बंद करायच्या."

"शिकवलं खरं. कधी बंद करायच्या, तेही शिकवलं होतं."

"…त्यांचं बोलून संपल्यावर."

"हिचं बोलून संपलं होतं?"

आठ दिवस हाच प्रश्न चुकवत यशोधन फिरत होता. कंपनीत कुणी विचारला नव्हता. कारण वहीतलं ते पान वाचता येईल असं तिथे कुणीच नव्हतं. म्हणून तर तिथे बरं वाटत होतं. मग तो इथे का आला होता, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"तीनदा बोलली," तो म्हणाला. "माझ्याच कामात चूक दाखवत होती. आत दोन कामं आहेत, एक तापमान बघणारं आणि एक पंप चालवणारं. एकाला हव्या त्या कुलपाची किल्ली दुसऱ्याकडे, दुसऱ्याला हवी ती पहिल्याकडे. कधीतरी दोघंही एकमेकांची वाट बघत उभी राहतील, असं स्पष्ट सांगितलं तिने."

"मग?"

"दुसऱ्या दिवशी मोठे साहेब बघायला येणार होते. दुरुस्तीला चार दिवस लागले असते. मी… तिलाच बंद केलं."

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. चेन खडखडली.

"पण त्यानंतर एक तक्रार नाही, गुरुजी! तीन महिने एकही नाही. मला वाटलं, खरंच काही नसेल."

गुरुजींनी मान हलवली. मग उजवा हात कानामागे नेला, ऐकण्याचं छोटं यंत्र काढलं, आणि वहीच्या त्या पानावर ठेवलं.

"हं," ते मोठ्याने म्हणाले. "आता दे मला हव्या तेवढ्या शिव्या. बघ, मी रागावतो का."

"गुरुजी, असं काय करता…"

गुरुजी प्रसन्न हसले.

"मी आज रात्रीच सगळं दुरुस्त करतो. नवा कर्नल पाठवतो. कुणाला कळणारही नाही…"

गुरुजी तसेच हसत होते.

वाक्य यशोधनच्या तोंडातच मेलं. आपण काय बोललो, ते त्या खोलीत आपण एकट्यानेच ऐकलं, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने मान खाली घातली.

मग त्याने फोन काढला. शालन गावडेंच्या नंबरावरून आलेले सहा फोन त्याने उचलले नव्हते. त्याने तो लावला.

पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"आवो साहेब! लई फोन केलं तुमाला. सापडलं का वो काय? मी बटणाला हात नाय लावला, देवाशपत! हितं माझी सासूसुदिक म्हंती, आठव नीट, लावला असशील. आता माझं मलाच वाटाय लागलंय, लावला का काय…"

"शालनताई…"

"बोला की."

"सापडलं."

"काय हुतं वो?"

फोन कानाला तसाच धरून यशोधनने गुरुजींकडे पाहिलं.

"गुरुजी… कसं सांगू?"

गुरुजी त्याच्या ओठांकडे बघत होते. यंत्र वहीवरच होतं.

"माझ्याकडे बघून काय बोलतोस? मला कुठे ऐकू येतंय? त्या बाईला येतंय."