चुन्याची बोटं

कोणे एके काळची गोष्ट. कोणता काळ म्हणाल, तर आपल्या आज्याच्या आज्यालाही जो आठवत नव्हता, तो. एका टेकडीवर राजवाडा होता, पलीकडे डोंगरात मोठा तलाव होता आणि तलावाच्या बांधाखाली एक वस्ती होती. त्याच वस्तीत प्रधानजींची एकुलती एक लेक दिलेली होती.

त्या राज्यात सभांचा नुसता सुळसुळाट! कोठारवाला उठून सांगे, "धान्य आहे." हत्तीवाला उठून सांगे, "हत्ती बरा आहे." एवढं ऐकण्यात साऱ्यांची सकाळ जायची. तोवर शेतं पडून राहायची आणि बरा असलेला हत्ती उपाशी राहायचा.

प्रधानजी वैतागले. त्यांनी राजवाड्याच्या दाराशी एक काळी शिळा उभी केली आणि दवंडी पिटवली, "सांगायचं ते इथं लिहा. वाचेल त्यानं खाली चुन्याचं बोट उमटवावं. सभा बंद!"

खरं सांगायचं तर मोठी सोय झाली. माणसं कामाला लागली, हत्तीला वेळेवर चारा मिळू लागला. लोकांनी प्रधानजींना डोक्यावर घेतलं, आणि तिथंच माशी शिंकली.

रोज संध्याकाळी बांधावर राखणदार आणि गावातली चार जाणती माणसं बसत. प्रधानजींनी तीही बैठक मोडली.

राखणदार हात जोडून म्हणाला, "प्रधानजी, एवढी एक राहू द्या. मला फार बोलता येत नाही. माणसं खोदून खोदून विचारतात, तेव्हा कुठं मलाच उमगतं मी काय पाहिलंय."

"लिहिता येतं ना तुला? मग झालं तर!" प्रधानजी म्हणाले.

पावसाळा भरात आला. एका सकाळी शिळेवर राखणदाराची ओळ दिसली, 'बांधातून पाणी पाझरतंय.' कोठारवाल्यानं वाचली, बोट उमटवलं. हत्तीवाल्यानंही उमटवलं. किती पाझरतंय, पाणी स्वच्छ आहे की बांधाची माती घेऊन गढूळ येतंय, हे शिळेला कोण विचारणार? ज्याला त्याला वाटलं, दुसरा कोणी बघेल. प्रधानजींनीही वाचली. "पावसाळ्यात पाझरायचंच," असं म्हणून त्यांनी बोट टेकवलं आणि ते जेवायला गेले.

दुपारी बांध फुटला.

वस्तीच्या जागी चिखल उरला. प्रधानजींनी आपल्या हातांनी उकरून लेकीला बाहेर काढलं. ती गेलेली होती. मग ते राखणदारावर धावून गेले, "अरे मेल्या, पाणी गढूळ होतं ना? मग धावत का आला नाहीस?"

"आलो होतो की," राखणदार म्हणाला. त्याचंही घर त्याच चिखलात होतं. "शिळेवर सगळ्यांची बोटं दिसली. तुमचंही दिसलं. म्हटलं, माणसं आता निघतीलच. मागं फिरलो आणि बांधावर माती टाकायच्या टोपल्या मांडून वाट बघत बसलो."

प्रधानजी वळले आणि राखणदाराच्या घरावरचा चिखल उकरू लागले.

पुढं राजानं बांध पुन्हा घातला. बाकीच्या सभा शिळेवरच राहिल्या, ते बरंच झालं. बांधावरची बैठक मात्र पुन्हा भरू लागली. प्रधानजी तिथं सगळ्यांच्या आधी येऊन बसत आणि राखणदाराला पुन्हा पुन्हा एकच विचारत, "पाणी स्वच्छ आहे की गढूळ?" तो दर वेळी नीट उत्तर देई. पण बांधाखाली आता कोणी राहत नव्हतं.

म्हणून लहानथोरांनो, नुसतं कळवायचं ते खुशाल लिहून कळवावं, पण ज्यात विचारायचं आणि ठरवायचं असतं, त्यासाठी माणसानं माणसासमोर जाऊन बसावं.