ब्रेक कोण दाबतंय?

“मी ब्रेक दाबत नाही, बुवा. मग दाबतंय कोण?”

श्रीरंगनं हे विचारलं तेव्हा दाजीबुवा मठाच्या पायरीवर बसून टाचेतला काटा काढत होते. मी कोकमतेलाची वाटी घेऊन शेजारी उभी. बुवांनी मान वर केली नाही.

“तू नाहीस?”

“नाही.”

“मग दुसरं कोणीतरी असेल.”

श्रीरंगचे कान लाल झाले. मला त्याची कीव यायला हवी होती, पण या गाडीपायी त्यानं माझं इतकं डोकं खाल्लं होतं की आली नाही.

गाडी मठाची. आमचा मठ डोंगराच्या खांद्यावर, आणि वर सड्याच्या पठारावर झोरेवाडी, धनगरांची. मधे रस्ता म्हणायचा तो नुसता मुरूम आणि धोंडे, एका अंगाला दरी. वरच्या आजारी माणसांना खाली आणता यावं म्हणून कुणा भाविकानं ही दांडगी, चारही चाकांनी ओढणारी गाडी मठाला दिली. चालवायचा श्रीरंग. मठात येण्याआधी तो पुण्याकडे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होता, तेव्हा गाडीला हात लावायचा तो त्यानंच. मी एकदा काच पुसली तर म्हणाला, आक्का, फडकं स्वच्छ आहे ना?

त्या गाडीत तोल राखणारी एक यंत्रणा होती. गाडी आडवी घसरायला लागली की ती आपली आपण ओळखते, हव्या त्या चाकाला ब्रेक लावते, इंजिनाचा जोर कमी करते आणि माणसाला वाचवते. डांबरी रस्त्यावर फार गुणाची. आमच्या चढावर मात्र तिला काय व्हायचं कोण जाणे. साधा धोंडा चाकाखाली आला तरी तिला वाटायचं गाडी घसरली, आणि करकचून ब्रेक. बटण दाबून बंद करावी, तर जरा वेग घेतला की पुन्हा चालू.

मागच्या खेपेला बिरू झोरेच्या आईला खाली आणत होतो. घोडखिंडीच्या वळणावर यंत्रणेनं एकाच बाजूचा ब्रेक लावला आणि गाडीचं तोंड दरीकडे फिरलं. मी मागे म्हातारीला धरून बसले होते. समोर रस्ता दिसेना, नुसते खालच्या झाडांचे शेंडे दिसत होते. म्हातारीची तर वाचाच बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती कुणाशी बोलली नाही.

तेव्हापासून बिरू गाडीचं नाव काढू देईना. आणि आता त्याच्या बायकोचे, सगुणेचे, दिवस भरत आले होते. पोटात जुळं. खालच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, कळा सुरू व्हायची वाट बघू नका, आधीच घेऊन या. बिरूनं वेळूला घोंगडी बांधून झोळी तयार केली होती. तो उतार, ते ऊन, आणि जुळ्याची बाई झोळीत...

श्रीरंगनं उपाय काढला होता. यंत्रणेचा फ्यूजच काढून टाकायचा, कायमची कटकट गेली. त्याला फक्त बुवांचा होकार हवा होता.

“काढ की,” बुवा म्हणाले. “आणि गाडी खरोखरच घसरली तर?”

“तर मी आहे.”

बुवांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली.

“बाकी सगळं तपासलंस?”

तपासलं होतं, आणि ते सगळं त्यानं पुन्हा ऐकवलं. टायर बदलले, हवा सारखी केली, स्टिअरिंग सरळ करून घेतलं, चाकांजवळच्या वायरी साफ केल्या, तालुक्याला नेऊन कॉम्प्युटर लावून बघितला. कुठेच दोष निघत नव्हता. मला तर हे आरतीसारखं पाठ झालं होतं.

“काही सोडलं नाहीस?”

“काही नाही.”

“बरं. मला वर ने. येताना सगुणेला आणू.”

बुवा उठले आणि अनवाणीच गाडीकडे निघाले.

या अनवाणी चालण्याचंही सांगायला हवं. दत्तजयंतीच्या गर्दीत बुवांच्या चपला गेल्या. साध्या चामड्याच्या, अंगठ्यापाशी झिजलेल्या. मठातल्या मोत्या कुत्र्याला चपला चावायचा नाद होताच, त्यानंच नेल्या असं सगळ्यांनी ठरवलं आणि त्याला साखळीला बांधलं. नव्या चपला आणून दिल्या तर बुवा म्हणाले, जुन्या परत आल्या तर त्यांना काय सांगू? आता हट्टी माणसापुढे काय बोलणार. चैत्रातला कातळ तव्यासारखा तापलेला, त्यावरून चालून बुवांच्या टाचांतून रक्त यायचं. मी रोज कोकमतेल लावायचे आणि मोत्याला शिव्या घालायचे. श्रीरंग समोर बसून ऐकायचा.

तर निघालो. पुढे बुवा, मागे मी. गाडी आचके देत चालली होती. धोंडा आला की थबकायची, पुन्हा रेटा दिला की चालायची. श्रीरंग दातओठ खात होता. मी देवाचं नाव घेत होते आणि मधेमधे श्रीरंगचंही घेत होते, वेगळ्या सुरात.

घोडखिंडीच्या वळणावर पुढचं चाक धोंड्यावरून उतरलं, आणि धाडकन ब्रेक लागला.

मी पुढच्या सीटच्या पाठीवर आपटले. बुवांचं कपाळ काचेला लागलं. गाडी तिरकी होऊन थांबली. पुढच्या चाकाखालचा मुरूम सुटला. तो दरीत पडत राहिल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

श्रीरंगनं गाडी हळूहळू मागे घेतली, डोंगराच्या अंगाला लावली, उतरून चाकांना दगड लावले. मग त्यानं बॉनेट उघडलं आणि फ्यूज उपटून काढला.

बुवा आत तसेच बसलेले. कपाळावर टेंगूळ आलं होतं. पुढच्या दोन सीटच्या मधे एक खोका असतो, वर माणसं पाण्याची बाटली ठेवतात. त्या खोक्यावर बुवांचा हात होता.

“श्रीरंगा, गाडी घसरली हे तिला कळतं कशानं?”

“सेन्सर असतो, बुवा.”

“कुठे?”

“गाडीच्या बरोबर मध्ये... तुमच्या हाताखाली.”

“तो बघितलास?”

...

“श्रीरंगा.”

“तिथे दोष असणं शक्य नाही, बुवा.”

“का?”

“शक्यच नाही.”

“बघितलास का?”

श्रीरंग खिडकीपाशी येऊन उभा राहिला. एवढा हुशार माणूस, पण त्याला मान वर करता येईना. तोंड पांढरंफटक पडलेलं. मला वाटलं, याला चक्कर येतेय की काय.

“नाही,” तो म्हणाला.

“उघड.”

त्यानं स्क्रू काढले. खोक्याचं झाकण उचललं. आत साबणाच्या वडीएवढी काळी डबी होती, तीच सेन्सर. ती खरं तर गाडीच्या तळाला बोल्टनं घट्ट बसलेली असायला हवी, हे मला नंतर कळलं. इथे ती एका भगव्या रेशमी गाठोड्यावर चिकटपट्टीनं बांधली होती. मी पुढे वाकून तिला बोट लावलं. ती डुगडुगली. गाडी जागची हलली नव्हती, पण डबी मात्र हलत राहिली.

बुवांनी चिकटपट्टी सोडवली. मग रेशमाची गाठ.

आत चपला.

अंगठ्यापाशी झिजलेल्या. डाव्या चपलेच्या पट्ट्याला काळ्या दोऱ्याचा टाका, तो माझ्या हातचा. मी बघतच राहिले. आपण काय बघतोय हेच मला आधी कळेना. कळलं, तेव्हा बोलायला गेले तर आवाज फुटेना.

मग फुटला, आणि दरीच्या पलीकडेही ऐकू गेला असेल. काय काय बोलले ते सगळं इथे सांगण्यासारखं नाही. बुवांच्या टाचा, मोत्याच्या गळ्यातली साखळी, आणि तू मेल्या रोज समोर बसून ऐकत होतास, एवढं तरी बोललेच. श्रीरंगनं एक शब्द उलट काढला नाही. बुवांनी माझ्या हातावर हात ठेवला तेव्हा मी थांबले.

“तुम्ही कुणाला पाया पडू देत नाही,” श्रीरंग म्हणाला. “पादुका ठेवू देत नाही. मला वाटलं, निदान गाडीच्या बरोबर मध्ये तुम्ही असावं. म्हणून सेन्सर जरासा वर उचलला.”

“आणि गाडी बिघडली तेव्हा?”

“सगळ्या गाडीवर शंका घेतली, बुवा. कारखान्यावर घेतली, रस्त्यावर घेतली. या एका जागेवर नाही घेतली. इथे तुम्ही होता.”

आता बुवा भडकणार, अशी मला खात्री होती. एका शेटजींनी चांदीच्या पादुका आणल्या होत्या, त्या बुवांनी त्यांच्यासमोर गुरांच्या पाण्याच्या डोणीत टाकल्या होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते चपलांकडे बघत होते.

“म्हणजे ब्रेक मीच दाबत होतो,” बुवा म्हणाले.

श्रीरंगनं गाडीचं दार दोन्ही हातांनी धरलं. त्याच्या तोंडून काहीतरी आलं, पण तो शब्द नव्हता. वळणावर वारा तेवढा वाहत होता.

“बोल्ट कुठे आहेत?” बुवांनी विचारलं.

बोल्ट त्यानं रेशमाच्याच टोकाला, अंगाऱ्याच्या पुडीबरोबर बांधून ठेवले होते. पान्यानं सेन्सर उघड्या पत्र्यावर पुन्हा जागच्या जागी आवळला. फ्यूज परत बसवला. बुवांनी चपला घेतल्या आणि मांडीवर ठेवल्या.

गाडी निघाली. पहिला धोंडा आला, मी डोळे मिटले. काही झालं नाही. दुसरा आला, गाडी डावीकडे कलली, उजवीकडे कलली, चढून गेली. मी दोन्ही हातांनी सीट धरून झटक्याची वाट बघत होते, तो येईचना. वर पोचता पोचता सुट्या मुरमावर मागची चाकं खरोखरीच आडवी सरकली. तेव्हा मात्र कुठल्यातरी चाकाला ब्रेक लागला, अगदी हलकेच, आणि गाडी सरळ झाली.

झोरेवाडीत बिरू झोळी घेऊनच उभा होता. सगुणा दाराच्या लाकडी मेढीला धरून उभी, पाय सुजलेले, ओठ कोरडे. बिरू ना माझ्याशी बोलला ना बुवांशी. तो थेट श्रीरंगसमोर गेला.

“आज गाडी आपल्या मनानं फिरायची न्हाई न्हवं?”

श्रीरंगनं तोंड उघडलं आणि बुवांकडे बघितलं. बुवा वाडीतल्या म्हाताऱ्यांशी मेंढरांचं काहीतरी बोलत होते. शेवटी मीच बिरूला सांगितलं की गाडी घोडखिंडीपासून इथवर गुणानं आली, मी आत होते. त्याचा विश्वास बसेना. पण सगुणेनंच मेढ सोडली आणि एकेक पाऊल टाकत गाडीशी गेली.

“मला झोळी नगं,” ती म्हणाली.

मागच्या सीटवर ती आडवी झाली, डोकं माझ्या मांडीवर, पायाशी सासू. त्या सासूचं मला नवल वाटलं, त्याच गाडीत पुन्हा बसली. पुढे बिरू. गाडी भरली.

सगुणेला तालुक्याच्या दवाखान्यात दोन मुली झाल्या, दोघी धडधाकट. मोत्याची साखळी मी त्याच दिवशी सोडली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगून झालं की मला काही बोलायचं नाही.

श्रीरंग स्टिअरिंगपाशी बसला, पण किल्ली फिरवेना. मधल्या खोक्याकडे बघत राहिला. आत नुसती काळी डबी आणि पत्रा. बिरू त्याच्या तोंडाकडे बघायला लागला. सगुणेनं माझं मनगट घट्ट धरलं.

श्रीरंग उतरला. बुवा वाटेच्या कडेला उभे होते, त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. सकाळी ‘तर मी आहे’ म्हणणारा हाच का माणूस, असं मला वाटलं.

“बुवा, बिरूला मागे कसंतरी बसवतो. तुम्ही पुढे बसा. आत आता तुमचं काहीच नाही... घोडखिंड तुमच्याशिवाय कशी उतरू?”

बुवा खाली बघत होते. त्यांनी चपला मातीत ठेवल्या. उजवा पाय घातला. भेगेला चामडं लागलं तशी त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग डावा घातला.

“माझ्या चपला सापडल्यात,” बुवा म्हणाले. “मी येतो चालत.”